गोळी तीच, ऊन वेगळं

औषध पोटात गेल्यावर : लेख अकरावा

मे महिना अर्धा सरला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. बीपीची गोळी वर्षभर बिनतक्रार चालू आहे, पण आता दुपारी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोष गोळीचा की उन्हाचा? मागच्या आठवड्यात वेदनाशामकांवर लिहिलं, त्यानंतर तर अशी विचारणा वाढली. म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्यांचा ठरलेला लेख एक आठवडा पुढे ढकलतो. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेल. त्याआधी हे सांगून झालेलं बरं.

दोष दोघांचाही आहे, आणि खरं तर दोघांचाही नाही. गोळीत काही बिघाड झालेला नसतो. तिची मात्रा ज्या शरीरासाठी ठरवली होती, ते शरीर मे महिन्यात तसं उरलेलं नसतं. जानेवारीत दवाखान्यात बसून डॉक्टरांनी तुमचा रक्तदाब मोजला आणि ४० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, ती जानेवारीतल्या तुमच्यासाठी होती. ४५ अंशांच्या दुपारी नागपूरच्या गांधीबागेतून पायी घरी आलेल्या माणसासाठी ती मात्रा कुणी ठरवलेली नव्हती.

नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ३० मे २०२४ रोजी उत्तर अंबाझरी मार्गाजवळच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की संवेदक बिघडला होता. पण आकडा खोटा निघाला म्हणून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. शरीराला ४५ पुरेसे असतात. शिवाय वेधशाळेचं तापमान सावलीतलं, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीतलं असतं. कळमन्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाच्या किंवा टिनाच्या छताखाली भाकरी थापणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारी उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की उलटं होतं, हवाच अंग तापवायला लागते. तेव्हा शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा घाम तयार करण्यासाठी आणि आतली उष्णता कातडीपर्यंत आणण्यासाठी रक्त त्वचेकडे धावतं. एरवी मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत असलेला त्वचेचा रक्तपुरवठा कडक उष्णतेत सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय जोरात चालतं, आणि मूत्रपिंडाकडे, आतड्यांकडे जाणारं रक्त आखडतं. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. उन्हाळ्यातल्या औषधांचे जवळजवळ सगळे दुष्परिणाम एवढ्या मजकुरातून समजतात. सैल झालेल्या रक्तवाहिन्या, कमी झालेलं पाणी, कमी झालेलं मीठ, उपाशी मूत्रपिंड आणि घामावर टांगलेला जीव, यांपैकी कशाला तरी आपली गोळी धक्का लावत असते.

बीपीच्या गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण त्या सर्वाधिक घरांत आहेत. हातात स्ट्रिप घ्या आणि नावापुढची अक्षरं वाचा. कंपन्यांची नावं वेगवेगळी असली तरी ही शेपटं बरीचशी सारखी असतात. 'एएम' असेल तर सोबत ॲम्लोडिपिन आहे. 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, बहुधा साडेबारा मिलिग्रॅम. 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोन. शेवटच्या दोन्ही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. त्या मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाहीत. मिठामागे पाणी जातं आणि रक्तदाब उतरतो. हिवाळ्यात हे काम चोख होतं. मे महिन्यात मात्र तेच मीठ आणि तेच पाणी घामावाटेही जात असतं. एकाच विहिरीवर दोन मोटा लागल्यावर पाणी किती टिकणार?

त्यात रक्तवाहिन्या आधीच सैल. ॲम्लोडिपिन त्या आणखी सैल करतं, त्यामुळे उन्हाळ्यात घोट्यांवरची सूज वाढलेली दिसते. टेल्मिसार्टनसारखी गोळी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला काम करू देत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, आणि उष्णतेत तर हृदयाला वेग वाढवायचा असतो. यांतलं प्रत्येक औषध आपापलं काम प्रामाणिकपणे करत असतं. पण बसलेला माणूस उभा राहतो त्या क्षणी पायात उतरलेलं रक्त वर ढकलायला शरीराकडे काही उरत नाही. अंधारी येते, तोल जातो. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं ते पुष्कळदा अशाच एका उठण्यात.

हे घरी तपासता येतं. बसून रक्तदाब मोजा, मग उभं राहा आणि एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर तो कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बसून घेतलेल्या मोजणीत ही घसरण दिसतच नाही.

'आज ऊन फार आहे, आजची गोळी राहू दे' असा उपाय बरेच जण करतात, आणि तो दोन्हीकडून फसतो. टेल्मिसार्टनचा अंमल दिवसभर टिकतो, क्लोरथॅलिडोन तर शरीरातून निम्मं जायलाच दोन दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे आजची गोळी चुकवून आजची अंधारी थांबत नाही. उलट ती बरेच दिवस बंद ठेवली की रक्तदाब कुठल्यातरी रात्री मुकाट्यानं वर जातो. मात्रा कमी करायची असेल तर ती ठरवून, मोजून, डॉक्टरांशी बोलून कमी करायची. उन्हाळ्यापुरती 'एच' काढून साधी गोळी देणं, किंवा मात्रा निम्मी करणं, हे डॉक्टर करू शकतात. आपण विचारत नाही म्हणून ते राहून जातं.

थायझाइड घेणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, आणि तो काळजीपोटीच ओढवतो. मुलगा, सून, नात सगळे मागे लागतात : पाणी प्या, पाणी प्या. आजी दिवसभर साधं पाणी पीत राहतात, जेवण मात्र उन्हानं अर्ध्यावर आलेलं असतं. गोळीनं मीठ जातंय, घामानं मीठ जातंय, आणि आत फक्त पाणी येतंय. रक्तातलं सोडियम उतरतं. आजी सुस्तावतात, विसरायला लागतात, भलतंच बोलतात, आणि घरच्यांना वाटतं ऊन लागलं किंवा म्हातारपण आलं. रक्ताची एक साधी तपासणी ते दाखवून देते. पाणी हवंच, पण त्यासोबत जेवण हवं. ताक, पन्हं हवं. हृदय कमजोर असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मीठ-पाण्याचा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्यायचा. त्यांना सरसकट सल्ला लागू होत नाही. शहाळ्याच्या पाण्याचंही तेच. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम अंगात रोखून धरतात, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ते वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

आता मूत्रपिंडाकडे येतो. या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे.

मेडिकल चौकाजवळच्या एका औषधांच्या दुकानात मी उभा होतो. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ आले. "भाऊ, अंग लय दुखून राहिलं, दर्दची गोळी दे ना दोन." दुकानदारानं हात पुढे केला नाही. "काकाजी, उन्हातून येऊन राहिले का?" काकाजी म्हणाले, सकाळपासून बांधकामावर होतो. "बीपीची गोळी चालू हाय?" चालू होती. "लघवीला जळजळ हाय का? सकाळपासून किती वेळा गेले?" एकदाच, आणि पिवळीधमक. दुकानदारानं डायक्लोफिनॅक दिलंच नाही. ओआरएसची दोन पाकिटं आणि पॅरासिटामॉल दिलं, आणि संध्याकाळपर्यंत लघवी मोकळी झाली नाही तर समोर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा म्हणून बजावलं. त्या माणसाला औषधशास्त्र नीट कळत होतं.

मूत्रपिंडात गाळण्या असतात, लाखोंनी. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि रक्त बाहेर नेणारी एक. गाळण्यासाठी आत दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर हा दाब दोन युक्त्यांनी सांभाळतं. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आत येणारी वाहिनी उघडी धरून ठेवतात, आणि अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक बाहेर जाणारी वाहिनी आवळून धरतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. पण त्याबरोबर आत येणारी वाहिनी आखडते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांच्यामुळे बाहेर जाणारी वाहिनी सैल पडते. आणि 'एच'नं मुळातलं पाणी आधीच कमी केलेलं असतं. तिन्ही एकत्र आली, वर नागपूरची दुपार असली, की गाळणीतला दाब कोसळतो. लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढतं. वेळीच पाणी मिळालं आणि वेदनाशामक थांबलं तर बहुतेकांचं मूत्रपिंड सावरतं. सावरलं नाही तर डायलिसिस.

थंडीत यातलं प्रत्येक औषध अनेकांना निर्धोक असतं. आणि दुष्परिणाम दुखणं थांबल्यावर, दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे लोक त्याचा संबंध उन्हाशी किंवा गोळीशी जोडतच नाहीत. याच डायक्लोफिनॅकनं आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपवली, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. औषध दिलेली जनावरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा कितीतरी सोशिक आहे, पण कोरड्या पडलेल्या शरीरात तेही हतबल होतं. उन्हात राबून आल्यावर अंग दुखत असेल तर आधी पाणी, मीठ, सावली. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, दिवसाची मर्यादा पाळून. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी मे-जूनमध्ये दुकानातून परस्पर वेदनाशामक घेऊ नये, इतकं तरी या लेखातून घरोघरी जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घाम अडवणाऱ्या औषधांकडे कुणाचं लक्षच नसतं. धोतऱ्याचं फळ चुकून खाल्लेलं मूल ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल : तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, कातडी लाल आणि तापलेली पण घामाचा टिपूस नाही, आणि मूल असंबद्ध बोलतंय. धोतऱ्यातली अॅट्रोपिनसारखी द्रव्यं घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंचा निरोप पोचू देत नाहीत. तोच गुण, सौम्य प्रमाणात, आपल्या घरातल्या कितीतरी गोळ्यांत आहे. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटातल्या मुरड्यावरचं डायसायक्लोमिन, जुनाट दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होणाऱ्यांना दिलेलं ऑक्सिब्युटिनिन. एखादी गोळी दोन दिवस घेतली तर तरुण माणसाला काही होत नाही. म्हाताऱ्या माणसाला यातल्या दोन-तीन एकत्र चालू असतील, आणि घरात कूलर नसेल, तर घामाचं यंत्रच मंदावतं.

मानसिक आजाराच्या रुग्णांचा धोका सर्वांत मोठा, आणि त्यांच्यासाठी बोलणारी माणसं सर्वांत कमी. त्यांच्या मुख्य गोळ्या मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात. हातपाय कडक होऊ नयेत म्हणून जोडीला दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल घाम अडवतं. आपल्याला उकडतंय, सावलीत जावं, पाणी मागावं, हे त्यांना अनेकदा सुचतही नाही. लिथियम चालू असेल तर त्यात भर पडते. मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ सोडियमसारखंच वागवतं. घामानं सोडियम गेलं की ते उरलेलं घट्ट धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. लिथियमची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. हात थरथरणं वाढलं, चालताना झोक जायला लागला, जीभ अडखळली, उलट्या-जुलाब झाले, तर त्याच दिवशी रक्तातलं लिथियम तपासायला हवं. घरात असा रुग्ण असेल तर दुपारी त्याच्या हातात ताकाचा पेला देणं हाही उपचाराचाच भाग आहे. आणि या गोळ्या घाबरून बंद करू नका. आजार उलटण्याचं नुकसान फार मोठं असतं.

मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली संपल्यावर ते स्वस्त झालं आणि घरोघरी पोचलं. ते रोज सुमारे ७० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि साखरेमागे पाणी जातं. हृदयाला आणि मूत्रपिंडाला एरवी ते फायद्याचंच आहे. पण उलट्या, जुलाब, कडक उपास किंवा ऊन लागणं, यांपैकी काही झालं तर ते त्या दिवसांपुरतं थांबवायचं असतं, आणि मेटफॉर्मिनही. कारण मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं आणि तो रस्ता बंद झाला तर साठून रक्त आम्लधर्मी करू शकतं. कोणत्या दिवशी थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

इन्सुलिनवर जरा थांबायला हवं. तापलेल्या कातडीखाली रक्त जोरात वाहत असतं, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं. जेवण कमी झालेलं असतं. साखर घसरते. आणि साखर घसरल्याची खूण म्हणजे घाम, धडधड, घाबरल्यासारखं होणं. उन्हाळ्यात हे सगळं उन्हाच्या नावावर खपतं. अशा वेळी आधी साखर मोजा. मोजता येत नसेल तर साखरपाणी द्या. त्यानं नुकसान होत नाही, घसरलेल्या साखरेनं होतं.

दुसरा प्रश्न साठवणीचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून कधीही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर अगदी नेहमीसारखं दिसू शकतं, पण कामातून गेलेलं असतं. वापरात असलेली बाटली सर्वसाधारणपणे ३० अंशांखाली चार आठवडे चालते. इथल्या टिनाच्या घरात मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते, आणि फ्रिज सगळ्यांकडे नाही. २०२१ साली 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठानं केनियातल्या निर्वासित छावणीतल्या तापमानाचा अभ्यास धरून दाखवलं की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे टिकतं. म्हणजे आपल्याला ३७च्या खाली राहायचं आहे, आणि तेवढं मातीचं मडकं करू शकतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्या मडक्यात झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, आणि जागा सावलीची, वारा लागणारी. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडतं आणि मडकं चांगलं गार राहतं. आपले कूलर त्याच कारणानं चालतात. जूनच्या मध्यावर हवा दमट झाली की दोन्ही फिके पडतात. पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो. पारदर्शक असायला हवं ते इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली वापरू नका.

बाकीच्या गोळ्यांसाठी एकच सांगतो. दुचाकीच्या डिकीत, कारच्या डॅशबोर्डवर, खिडकीच्या चौकटीत औषध ठेवू नका. ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती फेका. उष्णतेनं आणि ओलाव्यानं ते फुटून त्यातून तेच आम्ल सुटतं. दम्याचा पंप तापून फुटू शकतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी तर उष्णतेत अक्षरशः उडून जाते.

आणि पॅरासिटामॉल. ऊन लागून अंग तापलेल्या माणसाला ताप समजून ही गोळी दिली जाते, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. जंतुसंसर्गात ताप येतो तेव्हा मेंदूनंच शरीराचं तापमान जाणूनबुजून वर नेऊन ठेवलेलं असतं. पॅरासिटामॉल मेंदूचा तो हुकूम मागे घ्यायला लावतं. उष्माघातात मेंदूनं असा हुकूम दिलेलाच नसतो. तो शरीर गार करायचा आटापिटा करत असतो आणि हरलेला असतो. तिथे पॅरासिटामॉलला करण्याजोगं काही नाही. शिवाय उष्माघातात यकृताला इजा होते आणि हे औषध त्याच यकृतावर भार टाकतं. ॲस्पिरिनही नको, रक्तस्रावाची भीती असते. खिशातल्या कांद्यानं संरक्षण मिळत नाही, तो खायच्याच कामाचा.

अंग प्रचंड तापलंय आणि माणूस बरळतोय, लडखडतोय किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात धरून चाला. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंख्याखाली ठेवा, मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यानंतर नागपूर महापालिकेनंही केला. उन्हाळ्यात रुग्णालयांत शीतकक्ष असतात ते त्यामुळे. पण पहिली काही मिनिटं घरच्यांच्याच हातात असतात.

विदर्भात आणखी एका आजाराची माणसं उन्हाळ्यात सतत धास्तावलेली असतात. मध्य भारतातल्या सिकलसेलवर आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली छापून आला, तेव्हापासून हा आजार वैद्यकाला इथला म्हणून ठाऊक आहे. नागपुरात रुग्णांना संघटित करण्यासाठी संपत रामटेके यांनी आयुष्य वेचलं. या आजारात लाल पेशीतलं हिमोग्लोबिन दाट झालं की पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. अंगातलं पाणी कमी होणं हे दाट होण्याचं थेट कारण. त्यात या रुग्णांचं मूत्रपिंड लहानपणापासूनच लघवी घट्ट करू शकत नाही. अंग कोरडं पडत असतानाही ते पाणी सोडतच राहतं. म्हणून इतरांना चालून जाणारी तहान यांना चालत नाही. मग हाडं फोडून काढणारं दुखणं येतं, आणि हातात पडतं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, त्याच पाणी नसलेल्या मूत्रपिंडावर. सिकलसेलच्या मुलाच्या शाळेत, वर्गशिक्षकांना सांगून, बाकावर पाण्याची बाटली आणि हवं तेव्हा लघवीला जायची मोकळीक मिळवून द्या. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल चालू असेल तर उन्हाळ्यात ती सोडू नका. तिचा फायदा महिनोन्‌महिने घेतल्यानंच टिकतो, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होत नाहीत ना, यासाठी रक्ताची ठरलेली तपासणी मे महिन्यातही चुकवायची नाही.

या आठवड्यात एक करा. घरातल्या सगळ्यांच्या चालू औषधांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला, सर्दीच्या आणि दुखण्याच्या सुट्या गोळ्यांसकट, आणि ती पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा. बसून आणि उभं राहून घेतलेले रक्तदाबाचे आकडे सोबत न्या. क्रिएटिनिन आणि सोडियम शेवटचं कधी तपासलं ते सांगा. यातल्या कोणत्या गोळीची मात्रा पावसाळ्यापर्यंत बदलायची, असं सरळ विचारा. आणि मात्रा कमी झाली तर ती पुन्हा वाढवायची तारीखही त्याच वेळी लिहून घ्या, कारण डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की त्याच रक्तवाहिन्या आवळतात आणि मे महिन्यात उतरलेला रक्तदाब पुन्हा वर चढतो.

(पुढच्या आठवड्यात : आम्लपित्ताची गोळी उपाशीपोटीच का?)